एक डबा कितीला पडतो? चल, स्थिरपद आणि बैजिक राशी, धंद्याच्या भाषेत



मागच्या व्हिडिओत मी फळ्यावर '५०क्ष + १८,०००' असं लिहिलं आणि तिथेच निम्मे लोक गळाले. "सर, आम्ही धंदा शिकायला आलोय, दहावीचं गणित परत नको," असं तिघा-चौघांनी तरी सांगितलं. चूक माझीच. क्ष म्हणजे काय हे न सांगता मी थेट हिशेबात घुसलो. म्हणून आज मागे जाऊन पहिल्यापासून सुरुवात करू. वही आणि पेन घ्या. आणि शक्य असेल तर घरातलं लाइट बिलही घ्या.

आधी माझ्याबद्दल खरं सांगतो. बीबीएला 'फिक्स्ड कॉस्ट, व्हेरिएबल कॉस्ट' मी घोकून पास झालो. मार्क चांगले पडले. मग नालासोपारा पूर्वेला पॅकिंग मटेरियलचं दुकान टाकलं, कागदी डबे, फॉइलचे कंटेनर, कॅरीबॅग, टेप, आणि पहिली दोन वर्षं मला कोणी "महिन्याला खर्च किती?" विचारलं की मी एक आकडा सांगायचो. कधी ऐंशी हजार, कधी लाख. दोन्ही वेळा मनापासून सांगायचो. त्या प्रश्नाचं उत्तर एक आकडा नसतंच, हे परीक्षेत लिहून आलेल्या माणसाला गल्ल्यावर बसून कळलं नाही. त्याचं उत्तर म्हणजे एक बैजिक राशी. पण हा शब्द जरा बाजूला ठेवा.

लाइट बिलातलं बीजगणित

वसई-विरारमध्ये आपल्याकडे वीज महावितरणची. बिलाच्या तपशिलात बघा, पहिलीच ओळ असते 'स्थिर आकार'. त्याखाली 'वीज आकार', मग 'वहन आकार', मग कर वगैरे. हा 'स्थिर' शब्द नीट बघून घ्या. तुम्ही महिनाभर दुकान बंद ठेवून गावाला गेलात, एक दिवा लावला नाहीत, तरी स्थिर आकार येणारच. आणि वीज आकार, वहन आकार हे तुम्ही जेवढे युनिट जाळाल त्या हिशेबाने येणार.

समजण्यासाठी सोपे आकडे धरू. (हे खरे दर नाहीत, तुमचे तुमच्या बिलावर बघा.) समजा स्थिर आकार ५०० रुपये, आणि प्रत्येक युनिटमागे सगळं धरून १२ रुपये. आता मला सांगा, बिल किती येईल?

तुम्ही म्हणाल, "युनिट किती जळले ते सांगा की आधी." बरोबर. युनिट माहीत नाहीत, पण बिल कसं बनतं ते तर माहीत आहे. १०० युनिट असतील तर १२ गुणिले १०० अधिक ५००, म्हणजे १,७००. २०० असतील तर २,९००. शून्य असतील तर ५००. दरवेळी रीत तीच, फक्त एक आकडा बदलतो. त्या बदलणाऱ्या आकड्याची जागा आपण मोकळी सोडू आणि तिथे एक अक्षर लिहू. शाळेत आपण एक्स लिहायचो, मी इथे क्ष लिहितो.

१२क्ष + ५००

झालं. ही बैजिक राशी. सातवीच्या गणिताच्या पुस्तकात याच नावाचा धडा आहे. घरात सातवीतलं पोर असेल तर त्याच्याकडून एकदा पुस्तक मागून घ्या, लाजायचं काही नाही.

आता हिच्यातली माणसं ओळखून घेऊ. क्ष म्हणजे 'चल', जो बदलतो. ५०० हे 'स्थिरपद', क्ष कितीही असू दे, हा जागचा हलत नाही. १२ हा क्षला चिकटलेला आकडा, त्याला 'सहगुणक' म्हणतात. १२क्ष लिहिलं की मध्ये गुणाकार आहे हे समजून घ्यायचं. आणि अधिक-वजा चिन्हांनी वेगळे झालेले जे तुकडे, १२क्ष हा एक आणि ५०० हा दुसरा, ती 'पदं'. दोन पदं आहेत म्हणून ही द्विपदी. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या खर्चातला कोणता आकडा क्षला चिकटलेला आहे आणि कोणता एकटा उभा आहे, हे ओळखता आलंच पाहिजे. पैसे तिथेच जातात.

आणखी एक. राशीत 'बरोबर'चं चिन्ह नसतं. १२क्ष + ५०० ही राशी. १२क्ष + ५०० = २,९०० असं लिहिलं की ते समीकरण झालं, आणि मग क्ष शोधता येतो (२०० युनिट). राशी म्हणजे रीत. समीकरण म्हणजे त्या रीतीला विचारलेला एक ठरावीक प्रश्न.

क्ष म्हणजे डबा नव्हे

आता धंद्याकडे येऊ. विरार पश्चिमेच्या एक ताई माझ्याकडून डबे नेतात. पोळी-भाजीचा डबा देतात, रोज साधारण ३०, महिन्याला २५ दिवस. त्यांच्या परवानगीने हिशेब सांगतोय, आकडे थोडे गोल केलेत.

स्वयंपाकासाठी घेतलेल्या खोलीचं भाडं ९,०००. मदतीला एक बाई, पगार ८,०००. फोन, साफसफाई, बारीकसारीक १,०००. म्हणजे १८,००० रुपये महिना, एकही डबा गेला नाही तरी.

प्रत्येक डब्यामागे पीठ, भाजी, तेल, गॅस मिळून ३८ रुपये. कंटेनर आणि पिशवी ५. पोहोचवणाऱ्या मुलाला डब्यामागे ७. विक्री ९० रुपयांना.

लिहायच्या आधी वहीच्या वर एक ओळ लिहायची, आणि ही सवय मी सगळ्यांना सक्तीने लावतो:

क्ष = एका महिन्यात विकलेल्या डब्यांची संख्या

ही ओळ टाळली की गोंधळ होतो. पुष्कळ जण मनात 'क्ष म्हणजे डबा' धरतात. क्ष म्हणजे डबा नव्हे, क्ष म्हणजे किती डबे. तो एक आकडा आहे, फक्त आज आपल्याला माहीत नाही. आणि 'एका महिन्यात' हे दोन शब्दही तितकेच महत्त्वाचे. एका मुलाने माझ्यासमोर क्षच्या जागी रोजचे ३० डबे घातले आणि भाडं महिन्याचं घेतलं. खर्च आला १९,५००. तो खूष. रोजचा क्ष आणि महिन्याचं भाडं एकाच राशीत बसत नाहीत.

आता डब्यामागचे खर्च: ३८क्ष + ५क्ष + ७क्ष. तिन्ही पदांत क्षच आहे, म्हणजे ती 'सजातीय पदं'. ती जोडता येतात, ५०क्ष. आणि १८,००० वेगळे. एकूण खर्च:

५०क्ष + १८,०००

इथे नव्या माणसाचा हात शिवशिवतो. "सर, अजून जोडलं तर? १८,०५०क्ष?" नाही! ही चूक मी इतक्या वेळा बघितली आहे की आता रागही येत नाही. शंका आली की क्षच्या जागी एक छोटा आकडा घालून बघायचा. क्ष १० धरा. ५० गुणिले १० अधिक १८,००० म्हणजे १८,५००. आणि १८,०५० गुणिले १० म्हणजे १,८०,५००. दहा डब्यांना एक लाख ऐंशी हजार खर्च! भाडं डब्यागणिक वाढत नाही, म्हणून ते क्षला चिकटवता येत नाही. विजातीय पदं वेगळीच ठेवायची.

आवक म्हणजे ९०क्ष. आवकेतून खर्च वजा केला की हातात उरलेलं:

९०क्ष − ५०क्ष − १८,००० = ४०क्ष − १८,०००

(कंस सोडवताना दोन्ही पदांचं चिन्ह बदलतं, १८,०००च्या आधीही वजाच येतो. हे विसरलात तर भाडं तुम्हालाच मिळतंय असा हिशेब येईल.)

या एका ओळीत त्यांचा सगळा धंदा आहे. प्रत्येक डबा ४० रुपये आणतो, आणि महिन्याच्या १ तारखेला त्या १८,००० च्या खड्ड्यात उभ्या असतात. ४५० डबे गेले की खड्डा भरतो. ७५० गेले की १२,००० उरतात. जुलैत पाऊस लागला, रुळांवर पाणी आलं, लोकांची ऑफिसं बुडाली आणि ५०० च डबे गेले तर २,००० उरतात. नालासोपाऱ्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

त्या १२,००० मध्ये ताईंचा स्वतःचा पगार वेगळा धरलेला नाही, हेही बघून ठेवा. पहाटे चारला उठणाऱ्या माणसाचा पगार राशीत लिहायचा बहुतेक घरगुती धंद्यांत राहूनच जातो. लिहिला असता तर स्थिरपद आणखी मोठं झालं असतं.

हे वजा आणि हा क्ष आले कुठून?

थोडं विषयांतर करतो. मला स्वतःला हे वाचल्यावर बीजगणिताची भीती कमी झाली.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्याचा एक भाग 'लीलावती', एक भाग 'बीजगणित'. आपल्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे ना, तिथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला, त्याची ती नोंद. १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात क्ष नाही. अज्ञात आकड्याला ते म्हणतात 'यावत्तावत्', म्हणजे 'जितके असेल तितके', आणि थोडक्यात लिहिताना नुसतं 'या'. दुसरा अज्ञात आला की रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक, लोहितक. थोडक्यात का, नी, पी, लो. आणि जो आकडा ठरलेला आहे, त्याच्या आधी 'रू', म्हणजे रूप. ताईंची राशी त्यांच्या पद्धतीने लिहायची तर 'या ४० रू १८०००' अशी होईल, आणि १८००० वर एक टिंब. टिंब म्हणजे ऋण.

ऋण! वजा संख्येला आपण आजही ऋण संख्या म्हणतो आणि अधिकला धन. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ च्या ग्रंथात हेच शब्द वापरून त्यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम दिले होते. धन म्हणजे गाठीचे पैसे, ऋण म्हणजे देणं. सगळी भाषा दुकानदाराच्या वहीतली आहे. मग युरोपात देकार्तने १६३७ मध्ये अज्ञातासाठी इंग्रजी बाराखडीतली शेवटची अक्षरं आणि माहीत असलेल्या आकड्यांसाठी पहिली अक्षरं वापरली, ती रीत पुढे जगभर चालली. तुम्हाला क्ष आवडत नसेल तर वहीत 'या' लिहा. हिशेब तोच येईल.

७४ रुपयांचा सापळा, आणि माझी चूक

आता मूळ गोष्ट. ताई एक दिवस काउंटरवर आल्या आणि म्हणाल्या, "दादा, वालीवच्या एका कारखान्याची ऑर्डर आली होती. रोज २० डबे. पण ६५ च्या वर द्यायला तयार नाहीत. मी नाही म्हणून सांगितलं. मला एक डबा ७४ ला पडतो, ६५ ला कसा देऊ?"

७४ कुठून आला? ७५० डब्यांचा एकूण खर्च ५५,५००, त्याला भागिले ७५०. बरोबर ७४. बेरीज-भागाकारात काही चूक नाही. पण हा ७४ त्या स्थिर समजत होत्या, आणि तो स्थिर नाही. 'एक डबा कितीला पडतो' हीसुद्धा राशी आहे:

५० + १८,००० ÷ क्ष

इथे क्ष भागाकारात खाली बसलाय. ३०० डबे असतील तर डबा ११० ला पडतो. ४५० असतील तर ९० ला, म्हणजे विकतो तेवढ्यालाच. ५०० असतील तर ८६, ७५० असतील तर ७४, १,००० असतील तर ६८. डबा तोच, भाजी तीच, बाईही तीच. क्ष बदलला की पडता भाव बदलतो. आपल्याकडे बाजारात "मला इतक्याला पडतं" हे वाक्य रोज शंभर वेळा ऐकू येतं. त्याच्या पुढे "किती विकले तर?" हा प्रश्न कोणी विचारत नाही.

मी लगेच पेन काढलं. कारखान्याच्या डब्यांना वेगळं अक्षर दिलं, कारण त्यांचा भाव वेगळा. य = महिन्यात कारखान्याला दिलेले डबे. त्या डब्यामागे ६५ वजा ५०, म्हणजे १५ रुपये सुटतात. भाडं आणि पगार तर आधीच ठरलेले आहेत. म्हणजे:

४०क्ष + १५य − १८,०००

क्ष ७५०, य ५०० (रोज २०, दिवस २५). ३०,००० अधिक ७,५०० वजा १८,०००. उरले १९,५००! १२,००० च्या जागी साडेएकोणीस हजार. मी छाती फुगवून म्हणालो, "ताई, आत्ताच्या आत्ता फोन लावा आणि हो म्हणा." त्यांनी लावला. ऑर्डर अजून कोणी घेतलेली नव्हती.

पुढच्या महिन्यात त्या आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. "दादा, काम दीडपट झालं आणि हातात आले साडेअकरा हजार. आधीपेक्षा पाचशे कमीच."

रोज ३० डब्यांना एक मदतनीस पुरत होती. ५० डब्यांना नाही पुरली. चार दिवसांत त्यांना दुसरी बाई ठेवावी लागली, आणखी ८,०००. त्यांची खरी राशी होती

४०क्ष + १५य − २६,०००

आणि तिची किंमत ३०,००० + ७,५०० − २६,००० = ११,५००. मी १८,००० हे दगडावर कोरल्यासारखं धरून चाललो होतो. एकदाही विचारलं नाही की "ताई, ५० डब्यांच्या पोळ्या लाटणार कोण?" पोळ्या लाटणाऱ्या माणसाला हा प्रश्न आधी सुचला असता. मला सुचला नाही, कारण मी राशी सोडवण्यात रमलो होतो.

ताईंची माफी मागितली. आणि तेव्हापासून स्थिरपद शिकवताना मी एक वाक्य जोडतो: स्थिर म्हणजे कायमचं नव्हे. स्थिर म्हणजे क्ष एवढ्यापासून तेवढ्यापर्यंत बदलला तरी न हलणारं. ताईंच्या बाबतीत 'तेवढं' म्हणजे दिवसाला ३५-४० डबे. त्याच्या पुढे स्थिरपद उडी मारतं. दुसरी बाई अर्धी ठेवता येत नाही, तसा अर्धा गाळाही भाड्याने मिळत नाही. सहगुणकाचंही तसंच. घरगुती लाइट बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त दर, म्हणजे क्ष वाढला की सहगुणकच बदलतो. माझ्या दुकानात उलटं होतं: एक पेटी कंटेनर घेतले तर एक भाव, दहा पेट्या घेतल्या तर भाव उतरतो. म्हणून राशीच्या शेजारी कंसात लिहून ठेवायचं, 'क्ष ९०० पर्यंत'. शाळेच्या पुस्तकात हे नसतं, कारण पुस्तकातल्या क्षला पोळ्या लाटाव्या लागत नाहीत.

मग आम्ही दोघं परत बसलो. या वेळी प्रश्न उलटा विचारला: दुसऱ्या बाईचे ८,००० वसूल व्हायला कारखान्याने काय द्यायला हवं? भाव ६५ च ठेवला तर १५य हे ८,००० च्या वर जायला हवं, म्हणजे महिन्याला ५३४ डबे, रोजचे किमान २२. डबे ५०० च ठेवले तर भाव ६६ च्या वर हवा, ६६ ला नुसती बरोबरी. हे दोन आकडे कागदावर लिहून ताई वालीवला गेल्या. त्यांनी मागितले ७५. ठरलं ७० ला, पण डबे रोज २५. म्हणजे य ६२५ आणि डब्यामागे २० रुपये:

४०क्ष + २०य − २६,००० = ३०,००० + १२,५०० − २६,००० = १६,५००

१२,००० चे साडेसोळा. मी आधी सांगितलेल्या साडेएकोणिसापेक्षा कमी, पण हे खरे पैसे होते. दुसरी बाई अजून आहे. आणि आता क्ष वाढवायला जागाही आहे, कारण दोन बाया मिळून रोज ६५-७० डबे सहज करतात. म्हणजे ५५ वर थांबून चालणार नाही, हे ताईंनी मला सांगितलं, मी त्यांना नाही.

दोन चल एकमेकांना भिडले तर

वरच्या राशीत क्ष आणि य वेगवेगळ्या पदांत होते. काही धंद्यांत ते एकाच पदात येतात. आपल्या वसईच्या पट्ट्यातले फुलवाले बघा. पहाटेच्या लोकलने मोगरा, चाफा घेऊन दादरच्या बाजारात जातात. किती किलो माल निघेल ते हवेवर, किलोला काय भाव मिळेल ते त्या दिवशीच्या बाजारावर. किलो म्हणजे क्ष आणि भाव म्हणजे य धरला तर आवक होते क्ष × य. (इथे मध्ये गुणाकाराचं चिन्ह लिहाच. जोडून लिहिलं तर 'क्षय' होतं आणि धंदेवाला माणूस ते वाचून घाबरतो.)

यात गंमत अशी की दोन्ही चल सहसा उलट्या दिशेने पळतात. समजा आज १० किलो निघाला आणि भाव ३०० मिळाला, आवक ३,०००. उद्या सगळ्यांचाच माल वाढला, तुमचाही १५ किलो झाला, पण भाव १८० वर आला, तर आवक २,७००. माल दीडपट, पैसे कमी. ज्याचा भाव स्वतःच्या हातात आहे, जसा ताईंच्या डब्याचा, त्याच्यासाठी भाव हा स्थिरांक. फुलवाल्यासाठी तोच भाव चल. एकच गोष्ट एकाच्या वहीत स्थिर आणि दुसऱ्याच्या वहीत चल असू शकते. म्हणून दुसऱ्याची राशी उतरवून घेऊ नका.

यावर पुढे एक पूर्ण व्हिडिओ करणार आहे, आज इतकंच.

वहीतलं काम

आगाशीकडची सुकेळी तुम्हाला माहीत असतील, केळी उन्हात वाळवून करतात ती. समजा तुम्ही सुकेळीची पाकिटं विकायला तीन दिवसांच्या एका महोत्सवात स्टॉल घेताय. पाकिटामागे माल आणि पॅकिंग मिळून ८५ रुपये, विक्री १२० ला. आयोजक दोन पर्याय देतात. पहिला, तीन दिवसांचं भाडं ३,००० रोख. दुसरा, भाडं काही नाही, पण विकलेल्या प्रत्येक पाकिटामागे १२ रुपये द्यायचे.

आधी वर लिहा: क्ष = तीन दिवसांत विकलेली पाकिटं. मग दोन्ही पर्यायांत हातात काय उरेल त्याच्या दोन राशी लिहा. कोणता आकडा एकटा उभा राहिला आणि कोणता क्षला चिकटला ते बघा. लिहून झाल्याशिवाय खाली वाचू नका.

पहिली राशी: ३५क्ष − ३,०००. दुसरी: २३क्ष. पहिल्या पर्यायात ८६ वं पाकीट विकेपर्यंत तुम्ही खड्ड्यातच आहात. दुसऱ्यात खड्डाच नाही, पण प्रत्येक पाकिटावर १२ रुपये कायमचे गेले. दोन्ही सारखे कधी होतात? १२क्ष = ३,००० होतं तेव्हा, म्हणजे २५० पाकिटांना. त्याहून जास्त विकणार असाल तर भाडं परवडतं, कमी विकणार असाल तर पाकिटामागे द्यावं.

हाच प्रश्न मी डबेवाल्या ताईंना घातला होता. त्यांनी दोन मिनिटांत २५० काढलं आणि मग मला विचारलं, "आणि दादा, २५० पाकिटं तीन दिवसांत, म्हणजे दिवसाला ८४. स्टॉलवर माणसं किती लागतील ते धरलं का तुम्ही?"

धरलं नव्हतं. तुम्ही धरा. स्टॉलवर एक माणूस, रोजचे ५०० रुपये, तीन दिवस. दोन्ही राशी नव्याने लिहा, आणि ते २५० बदलतं का बघा.